डावा पाय थोडा मोठा

मी एक कलबूत बोलतोय. शब्द अनोळखी वाटला तर बिचकू नका. बूट घालणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना माझं नाव ठाऊक नसतं. बूट शिवण्याआधी कारागीर गिऱ्हाइकाच्या मापाचा लाकडी पाय कोरतो, त्यावर कातडं ओढून बसवतो, खाली तळ लावतो आणि बूट तयार झाला की तो लाकडी पाय आतून काढून घेतो. तोच मी. बूट जग बघायला निघतो, मी परत फळीवर जाऊन बसतो.

मी डावा, माझा भाऊ उजवा. आम्हाला शेजारी शेजारी ठेवलंत तर पटकन लक्षात येणार नाही, पण मी त्याच्यापेक्षा अर्ध्या बोटाने लांब आहे आणि अंगठ्याच्या मुळाशी जरा रुंदही. कोरणाऱ्याचा हात चुकला असं समजू नका. ज्या पायांवरून आम्हाला कोरलं, ते पायच तसे होते. पाय एका मुलीचे होते.

आमचं दुकान दोन पायऱ्या उतरून खाली. खिडकी रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे आत बसून बाहेर बघितलं की माणसं दिसायची नाहीत, नुसते पाय दिसायचे. कारागीर खिडकीशी बसायचा आणि समोर शिवणयंत्रावर त्याची बायको. बुटाचं वरचं कातडं ती शिवायची, कलबुतावर चढवून तळ लावायचं काम त्याचं. "दुकानात वरचं तिचं, खालचं माझं," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "घरी सगळंच तिचं."

दर चार महिन्यांनी झिजलेला तळ बदलून घ्यायला एक बाई यायच्या. त्या पोस्टात होत्या, दारोदार टपाल वाटायच्या. एकदा त्या आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी दारातून वाकून आत आली ती वाकलेलीच उभी राहिली, छत डोक्याला लागत नव्हतं तरी. आईपेक्षा चांगली दीड वीत उंच. शाळेत तिला सगळे शिडी म्हणायचे. पुढे साऱ्या देशाने तिला त्याच नावाने हाक मारली, म्हणून मीही शिडीच म्हणतो.

आईने सांगितलं की पोरगी बास्केटबॉल खेळते, कोच म्हणतात हातात जादू आहे, पण पायात घालायला काही मिळत नाही. मोठ्या दुकानात गेलं तर विक्रेता हसून पुरुषांच्या विभागाकडे बोट दाखवतो. पुरुषांचे बूट रुंद, म्हणून पोरगी पुढे कापूस कोंबून खेळते. आई बोलत होती तोवर मुलगी एक पाय दुसऱ्याच्या मागे दडवत होती.

कारागिराने तिला स्टुलावर बसवलं, जमिनीवर कागद पसरला आणि पेन्सिल पायाभोवती फिरवली. मग कागदाची पट्टी पायावर गुंडाळून जिथे माप येईल तिथे नखाने खूण केली. दोन्ही पायांचं झाल्यावर त्याने कागद उजेडात धरले. मुलीने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. एक तर पाय होडीएवढे, त्यात तेही एकसारखे नाहीत.

"दोन्ही पाय सारखे असलेला माणूस माझ्या दुकानात अजून आलेला नाही," कारागीर म्हणाला. "आला तर मी त्याला फुकट बूट देईन."

हे त्याने तिची समजूत काढायला म्हटलं नव्हतं. तो मनापासून तसं मानायचा. त्याच आठवड्यात त्याने एक कडक, बारीक रेषांचं लाकूड निवडलं आणि कानशीने घासून घासून आम्हा दोघांना जन्माला घातलं.

आता खरं सांगतो, पहिला जोड साफ फसला. आमचा मालक बाबूलोकांचे चामडी बूट करणारा. खेळाचा बूट त्याने कधी केला नव्हता. दुसऱ्याच सामन्यात तळ सुटला आणि शिडी एका पायात मोजा घालून खेळली. कारागिराला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या हॉलमध्ये जाऊन भिंतीशी जमिनीवरच बसला. चेंडू कुठे जातो, बास्केट होते की नाही, याकडे त्याचं लक्षच नव्हतं. दीड तास तो फक्त तिचे पाय बघत होता. कोचने येऊन विचारलं, आपण कोण. तो म्हणाला, "मी तिच्या खालचा माणूस." कोचला काही उमगलं नाही. पण ती उडी मारून खाली येते तेव्हा सगळा भार डाव्या पायावर घेते, हे कारागिराला त्या दिवशी कळलं. दुसरा जोड बरा झाला. तिसरा असा झाला की शिडी तो घालून दुकानातून निघाली आणि दाराशी वाकायला विसरली. कपाळावर टेंगूळ आलं. कारागिराच्या बायकोने, म्हणजे शिडीच्या काकूने, थंड पाण्याची पट्टी लावली आणि दोघी बराच वेळ हसत बसल्या.

पुढची पाच-सहा वर्षं दर हंगामाला नवा जोड. तिचा पाय बदलायचा तसा मीही बदलायचो. कुठे हाड वाढलं की कारागीर माझ्या त्या जागी कातड्याचा तुकडा चिकटवून घासून गुळगुळीत करायचा. माणसांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या येतात, तसे माझ्या अंगावर हे तुकडे.

एकोणिसाव्या वर्षी तिला मोठ्या क्लबने घेतलं. खेळ हाच तिचा पेशा झाला. पहिल्याच हंगामात तिने संघाला अंतिम सामन्यात नेलं आणि मग जे व्हायचं ते झालं. चिडवायला ठेवलेलं नाव हजारो माणसं प्रेमाने ओरडायला लागली. "शिडी, शिडी" असा घोष टीव्हीवरून आमच्या दुकानापर्यंत यायचा. न्हाव्याच्या दुकानात तिचा फोटो लागला. बसथांब्यावर ती, दुधाच्या पिशवीवर ती. आईला टपाल वाटताना लोक थांबवायला लागले, त्यामुळे आईचंच टपाल उशिरा पोचायला लागलं आणि साहेबांनी समज दिली. लहान मुली बाकड्यावर उभ्या राहून उंच दिसायचा खेळ खेळू लागल्या. एवढं सगळं झालं तरी शिडी माप द्यायला यायची तेव्हा स्टुलावर बसून काकूच्या डब्यातलं निम्मं संपवायची.

मग बुटांची एक मोठी कंपनी आली. तिच्या नावाचा बूट काढायचा, तिने तोच घालून खेळायचं, असा करार. हे सांगायला ती दुकानात आली आणि सांगेनाच. कातड्याचे तुकडे उचलून बघ, कात्री उघड-मीट कर. शेवटी कारागिरानेच तोंड उघडलं. म्हणाला, पेपरात वाचलंय, चांगलं झालं, माझ्याने किती वर्षं पुरवणं होणार होतं. ती रडली. त्याने तिच्या पाठीवर थोपटलं, पण तिच्या खांद्यापर्यंत हात पोचेना, म्हणून कोपराच्या जरा वरच थोपटलं. ती गेल्यावर त्याने आम्हा दोघांना फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलं. काकूने त्या दिवशी यंत्र फार जोरात चालवलं.

शिडी दुकानात यायची थांबली. आधी आम्हाला वाटलं, मोठी झाली, कामं वाढली. खरं कारण आम्हाला फार पुढे कळलं.

तिचे सामने कारागीर टीव्हीवर बघायचा, तेही आपल्याच पद्धतीने. काकू म्हणायची, "सगळं जग चेंडू बघतंय आणि तुम्ही फरशी." पण फरशी बघणाऱ्यालाच ते दिसलं. कंपनीच्या बुटातल्या तिच्या दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर तो एकदम पुढे सरकून बसला. म्हणाला, "ती डावा पाय चोरतेय." उडीवरून उतरताना शिडी पाय पूर्ण टेकवत नव्हती, बाहेरच्या कडेवर उतरत होती. एक-दोन सामन्यांत घोटा मुरगळला. नेम चुकू लागला. पेपरवाल्यांना तर नावावर कोटी करायची आयती संधी मिळाली: शिडी घसरली. कुणी लिहिलं, जाहिरातींनी डोकं फिरलं. कुणी लिहिलं, सरावाला कंटाळते. जी माणसं वर्षभरापूर्वी घोष करत होती त्यांतलीच काही शिट्ट्या मारू लागली.

आई तळ बदलायला आली तेव्हा कारागिराने विचारलं, पोरीचा पाय दुखतो का. आई म्हणाली, विचारलं की म्हणते काही नाही. घरी आली की मोजे काढत नाही, झोपतानासुद्धा.

हे ऐकल्यावर त्याला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला फडक्यातून काढलं, पिशवीत टाकलं आणि बस पकडून क्लबच्या हॉलवर गेला. फाटकावरच्या रखवालदाराने पिशवी उघडायला लावली. मला बघून तो दोन पावलं मागे सरकला. चाहते केक आणतात, फुलं आणतात, एकाने तर शिडीच आणली होती, पण लाकडी पाय आणणारा तुम्हीच पहिले, असं म्हणून त्याने कारागिराला बाजूला उभं केलं. ओळखपत्र नाही, बोलावणं नाही, आत सोडणार कसा?

तीन तास आम्ही कुंपणाला टेकून उभे होतो. सराव संपला आणि शिडी बाहेर आली तशी सह्या मागणाऱ्या मुलींनी तिला घेरलं. बहुतेक मुलींच्या पायात तिच्याच नावाचे बूट होते. ती वाकून सह्या करत होती, हसत होती. मग तिची नजर वर गेली. कारागीर दिसला, त्याच्या काखेतला मी दिसलो, आणि तिच्या हातातलं पेन थांबलं.

तिने रखवालदाराला काहीतरी सांगितलं आणि आम्हाला आत नेलं. चेंडू ठेवायच्या लहानशा खोलीत तिने दार लावून घेतलं आणि चेंडूंच्या जाळीवर बसली. कारागीर समोर गुडघ्यावर बसला.

"बूट काढ," तो म्हणाला.

ती म्हणाली, आज नको. तो नुसता बसून राहिला. गुडघेदुखीचा माणूस, पण उठला नाही. बऱ्याच वेळाने तिने स्वतःच नाडी सोडली.

मी तो पाय ओळखला नाही, हे सांगताना मला अजून कसंतरी होतं. अंगठ्याचं नख काळं पडून निघालं होतं. अंगठा आत वळला होता आणि त्याच्या मुळाशी सुपारीएवढा लालबुंद उंचवटा आला होता. ज्याच्यावरून मी जन्मलो, त्याच्याशेजारी मला ठेवलं तर मी कुणा परक्याचा वाटलो असतो.

तेव्हा तिने सांगितलं. कंपनीची माणसं माप घ्यायला आली, तेव्हा खोलीत दहा जण होते, कॅमेरेही होते. त्यांनी यंत्र मांडलं आणि म्हणाले, पाय ठेवा. तिने उजवा ठेवला. दुसरा असाच ना, असं त्यांनी विचारलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, हो, दोन्ही सारखेच. एकदा म्हटल्यावर ते फिरवता येईना. तिच्या नावाचा बूट देशभर विकला जात होता. तोच बूट तिला चावतो, असं ती कुणाला सांगणार? आणि कारागिराकडे यावं तर तो पाय बघितल्याशिवाय राहणार नाही, म्हणून दीड वर्ष ती आलीच नव्हती.

"मला लाज वाटली, काका," ती म्हणाली. "इतकी मोठी झाले, तरी वाटलीच."

कारागिराने तिचा पाय मांडीवर घेतला. "लाजेला बूट लागत नाहीत, पोरी," तो म्हणाला. "पायाला लागतात. लाज वाटली तरी यायचं."

मग त्याने खिशातून कागदाची पट्टी काढली आणि माप घेतलं.

डॉक्टरांनी तिला पाच आठवडे विश्रांती सांगितली. अडचण होती ती कराराची. अजून दोन हंगाम तिला कंपनीचाच बूट घालणं भाग होतं. यावर तोड काढली ती काकूने. तिने शिडीकरवी कंपनीचा नवा जोड मागवून घेतला, ब्लेडच्या टोकाने एकेक टाका उसवत त्यावरची निशाणी आणि रंगीत पट्ट्या सोडवल्या, आणि आमच्या मापाच्या नव्या बुटावर जशाच्या तशा बसवल्या. शिवताना ती एवढंच म्हणाली की आयुष्यात दुसऱ्याच्या नावाचं ठिगळ लावलं नव्हतं, तेही झालं. कारागीर ऐकून न ऐकल्यासारखं करत माझ्या अंगठ्यावर कातड्याचे तुकडे चढवत होता. मला तीन थर लागले.

शिडी परतली ती अशी की पेपरवाल्यांना आधीचं लिहिलेलं गिळावं लागलं. मी हॉलमध्ये नव्हतो, मी फळीवर, पण कारागीर टीव्हीसमोर बसून मोठ्याने सांगायचा, "टेकला. पूर्ण टेकला." त्या हंगामात संघ जिंकला. तिच्या नावाचे बूट पूर्वीच्या दुप्पट खपले. आणि तिच्या पायात ते नव्हतेच, हे पाच माणसांना ठाऊक होतं: ती, तिची आई, कारागीर, काकू आणि संघाचे डॉक्टर.

याचा आनंद तिला पुरता घेता आला नाही. एकदा माप द्यायला आली असता तिने सांगितलं, एका सहीच्या वेळी एक दहा-अकरा वर्षांची मुलगी लंगडत आली होती. बूट चावतो का, विचारलं तर म्हणाली, थोडा चावतो, पण तुम्हाला नाही ना चावत, मग मलापण सवय होईल. काकूने यंत्र थांबवलं आणि म्हणाली, "हे काही बरं नाही झालं गं." तिघांनाही ते आधीच कळलं होतं, फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं.

करार संपायला चार महिने बाकी होते. वाट बघितली असती तर सगळं गुपचूप मिटलं असतं. ती थांबली नाही. सामन्यानंतर पत्रकार बसतात, तिथे ती अनवाणी गेली आणि दोन्ही पाय टेबलावर ठेवले. त्याआधी कारागिराकडून आम्हा दोघांना मागून नेलं होतं, म्हणून हे मी स्वतः पाहिलं. तिने सगळं सांगितलं. कंपनीने फसवलं असं म्हणाली नाही. मी खोटं बोलले आणि मग ते झाकत राहिले, असं म्हणाली. ज्या मुलींना माझा बूट चावतो त्यांनी तो घालू नये, आपल्या पायाला बसेल तो घालावा, मग त्यावर नाव कुणाचंही असो. शेवटी तिने आम्हाला वर धरून दाखवलं आणि कारागिराचं आणि काकूचं नाव घेतलं. दुकानात टीव्हीसमोर बसलेली काकू तेव्हा उठून उगाच यंत्राला तेल घालायला लागली होती, असं मागाहून कारागीर सांगत होता.

किंमत मोजावी लागली. कंपनीने करार तोडला, तिच्या नावाचा बूट बंद केला, बसथांब्यावरचे फलक उतरले. काही लोक म्हणाले, दोन वर्षं फसवलं आणि आता साळसूद होतेय. ते खोटंही नव्हतं, तिने ते ऐकून घेतलं. पुढच्या सामन्याला घोष पूर्वीपेक्षा कमी झाला. पण तिच्या आईच्या पोस्टात पोत्याने पत्रं यायला लागली. एकीचा उजवा मोठा, एकीच्या पायाला सहा बोटं, एक आजोबा लिहितात की सत्तर वर्षं मी एका बुटात कापूस घालतो आणि हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. आई ती पत्रं स्वतःच्या पिशवीतून घरी आणायची. म्हणायची, नोकरीत पहिल्यांदाच स्वतःचं टपाल वाटतेय.

शिडी आणखी चार वर्षं खेळली, साध्या, निशाणी नसलेल्या बुटांत. मग घोटा दमला आणि ती थांबली. आता ती मुलींना शिकवते. सरावाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना बूट काढायला लावते आणि चेंडू मागाहून देते.

क्लबने हॉलच्या दाराशी काचेचं एक कपाट केलं आहे. त्यात तिचा शर्ट, जिंकलेला चषक आणि आम्ही दोघे राहणार आहोत. आम्हाला न्यायला ती आज दुपारी आली. कारागिराचे हात आता थरथरतात, कानशी धरवत नाही. त्याने मला शेवटचं म्हणून तेल लावलं. काचेत शोभून दिसावं म्हणून माझ्या अंगावरचे कातड्याचे तुकडे काढू का, असं त्याने तिला विचारलं. ती म्हणाली, "नको काका. सगळं दिसू दे." मग त्याने मला तिच्या हातात दिलं आणि बजावलं, ऊन लागेल अशा जागी ठेवू नका, लाकूड तडकतं. तिने सांगितलं की तिने तसं आधीच बजावलंय, सावलीची बाजूच निवडलीय. तरी त्याने पुन्हा एकदा बजावलं.

मी आता तिच्या मांडीवर आहे आणि गाडी हॉलकडे चाललीय. कातड्याचा वास मागे राहिला. यापुढे मला कुणी घासणार नाही, माझ्यावर कुणी बूट चढवणार नाही. कलबुताचं आयुष्य एवढंच, त्याबद्दल तक्रार नाही.

तुम्ही कधी त्या कपाटाशी आलात तर माझी एक विनवणी आहे. शेजारच्या बाकावर दोन मिनिटं बसा आणि आपली नाडी सैल करा. कुठे चावत असेल तर सोबतच्या माणसाला सांगा. लाज वाटली तरी सांगा. तेवढं झालं की मग उठा आणि आत जा, मुली खेळत असतील, त्यांचा खेळ बघा.